औषधाची दुसरी बाजू

अशी कल्पना करा की तुमच्या वर्गातला एक मुलगा जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ठणठणीत होता. ऑगस्टमध्ये त्याला वरचेवर ताप येऊ लागला, चेहरा फिका पडला, पायांवर मार न लागताच निळे-जांभळे डाग दिसू लागले. मग तो शाळेत येईनासा झाला. कित्येक महिन्यांनी एके दिवशी तो वर्गात परत आला तो डोक्यावर टोपी घालून. टोपीखाली केस नाहीत, गाल मात्र फुगलेले, आणि चालताना पायाचे पाऊल किंचित आपटत चालणारा. मधल्या सुट्टीत कोणी त्याच्या शेजारी बसेना. कोणी म्हणाले, "त्याचा आजार आपल्याला होईल." कोणी म्हणाले, "औषधानेच त्याची ही दशा केली."

यातले पहिले वाक्य साफ चूक आहे. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेजारी बसून, एका डब्यात जेवून किंवा हातात हात घालून तो पसरत नाही. दुसरे वाक्य मात्र अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असलेले वाक्य नीट तपासून घ्यावे लागते. त्याचे केस रोगाने नव्हे, औषधाने गेले. पण तेच औषध नसते तर तो वर्गात परतलाच नसता. एकच वस्तू वाचवते आणि इजाही करते, हे कसे? आणि ही इजा किती काळ टिकते? आज आपण हेच समजून घेऊ.

ल्युकेमिया म्हणजे काय?

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा नावाचा मऊ पदार्थ असतो. रक्तपेशींचा हा कारखाना होय. येथे तीन प्रकारचा माल तयार होतो: प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणारे बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट.

ल्युकेमियात पांढऱ्या पेशींपैकी एखाद्या अपक्व पेशीच्या गुणसूत्रांत बिघाड होतो. ती वाढून शहाणी होत नाही, नुसती विभागत राहते. एकीच्या दोन, दोघींच्या चार असे होता होता कारखाना या निरुपयोगी पेशींनी भरून जातो आणि खऱ्या मालाला जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की मूल फिके पडते व दमते. बिंबाणू घटले की मार न लागता डाग उठतात. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप येत राहतो. आपल्या गोष्टीतल्या मुलाची तिन्ही लक्षणे आता तुम्हांला उलगडली असतील.

मुलांत आढळणाऱ्या ल्युकेमियापैकी सुमारे तीन-चतुर्थांश एकाच प्रकारचा असतो. त्याला तीव्र लसिकापेशी ल्युकेमिया म्हणतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत तो सर्वाधिक दिसतो, पण मोठ्या मुलांनाही होतो. या लेखात आपण मुख्यतः त्याचाच विचार करणार आहोत.

मुंबईच्या गिरणगावातून बॉस्टनपर्यंत

या रोगावरील पहिल्या औषधाच्या कथेचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ साली मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय फार आढळे. त्याचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारते असे दाखवून दिले. या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे फॉलिक अम्ल या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व. नव्या पेशी घडवताना डी.एन.ए. तयार करावे लागते, आणि त्यासाठी फॉलिक अम्ल लागतेच.

आता उलट विचार करा. फॉलिक अम्लाने रक्तपेशी वाढतात, तर ते अडवले की वाढ थांबेल का? बॉस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी हाच प्रश्न ल्युकेमियासंबंधी विचारला. फॉलिक अम्लाची नक्कल करून पेशीला फसवणारी द्रव्ये त्यांना पुरवली ती अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने. सुब्बाराव मूळचे आंध्रातील भीमावरमचे. त्या द्रव्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे औषध फार्बर यांनी मुलांना दिले आणि १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोळा मुलांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, रोग परतला. पण त्यापूर्वी या रोगाला औषधच नव्हते. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले. ॲमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही जगभर वापरले जाते.

पुढे एकेक औषध सापडत गेले. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी ६-मर्कॅप्टोप्युरीन घडवले. ते १९५३ पासून वापरात आले आणि या दोघांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे एक औषध तर तुमच्या अंगणातच आहे. सदाफुली! या झाडाची पाने मधुमेहावर चालतात अशी समजूत होती, म्हणून कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात पानांचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. साखर काही उतरली नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. शोध घेता असे आढळले की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. ज्याला आपण दुष्परिणाम म्हणतो त्यातूनच नवे औषध हाती लागले! सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन अमेरिकेत १९६३ पासून वापरले जाऊ लागले. (मात्र कोणी सदाफुलीची पाने चावून पाहू नयेत. पानांत विषारी द्रव्ये आहेत, आणि एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनसाठी वाळलेली पाने शेकडो किलो लागतात.)

औषध शत्रू कसा ओळखते?

खरे सांगायचे तर, ही जुनी औषधे शत्रू ओळखतच नाहीत. ती फक्त एवढेच पाहतात की कोण विभागत आहे. मेथोट्रेक्सेट व मर्कॅप्टोप्युरीन डी.एन.ए. घडवण्याचे काम बिघडवतात. व्हिन्क्रिस्टीन पेशीतील सूक्ष्मनलिका जुळू देत नाही; या नलिकांच्या दोरांनीच विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जातात. ल्युकेमियाच्या पेशी सतत विभागतात, म्हणून त्या या माऱ्यात सापडतात.

पण शरीरात विभागणाऱ्या पेशी त्या एकट्याच नाहीत. अस्थिमज्जा, केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर या ठिकाणी रात्रंदिवस नव्या पेशी तयार होतात. शेतातले तण मारायला फवारलेले औषध कोवळ्या पिकालाही लागावे तसे हे आहे. फरक एवढाच की निरोगी पेशींची मुळे शाबूत राहतात आणि त्या लवकर सावरतात. रोगाच्या पेशींना तितके सावरता येत नाही. म्हणून औषध एकदम न देता ठराविक दिवसांच्या अंतराने देतात. मधला काळ हा पिकाला उभारी धरण्याचा काळ होय.

येथे थोडे गणित करू. निदान होते तेव्हा शरीरात रोगाच्या सुमारे एक लक्ष कोटी पेशी असू शकतात. त्यांचे वजन जवळजवळ एक किलो भरेल. समजा, औषधाच्या एका फेरीत दर हजारातल्या ९९९ पेशी मेल्या. किती उरल्या? शंभर कोटी. दुसऱ्या फेरीनंतर दहा लक्ष, तिसरीनंतर एक हजार. औषध दर वेळी ठराविक संख्या मारत नाही, ठराविक हिस्सा मारते. शिवाय दोन फेऱ्यांच्या मध्ये उरलेल्या पेशी पुन्हा वाढतातही.

हे गणित नीट लक्षात ठेवा, कारण त्यावर अनेकांचा जीव अवलंबून असतो. पहिल्या महिन्याच्या उपचारानंतर बहुतेक मुलांच्या अस्थिमज्जेत सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसेनासा होतो. मूल हसू-खेळू लागते. पण त्या वेळी शरीरात शंभर कोटी पेशी दडून असू शकतात! म्हणून उपचार एकूण दोन ते तीन वर्षे चालतो. "आता बरा दिसतो, मग त्याला कशाला छळायचे?" असे म्हणून औषध मध्येच थांबवले तर रोग परततो, आणि परतलेला रोग पहिल्यापेक्षा आवरायला अवघड असतो.

लगेच दिसणारे परिणाम

*रक्त.* औषधाने अस्थिमज्जेचा कारखाना काही दिवस मंदावतो. मग बाजारातला कोणता माल आधी संपेल? ज्याचे आयुष्य सर्वांत कमी, तो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. बिंबाणू आठ ते दहा दिवस. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात फार तर एखादा दिवस असतात. अस्थिमज्जेत त्यांचा काही दिवसांचा तयार साठा असतो, म्हणून त्या पहिल्याच दिवशी संपत नाहीत. पण साठा संपला की भराभर घटतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्यांची संख्या तळाला जाते.

न्यूट्रोफिलची संख्या एका घन मिलिमीटरमागे ५०० च्या खाली गेली की साधा जंतूही घातक ठरू शकतो. पू होण्यासाठी, घसा लाल होण्यासाठी पांढऱ्या पेशी लागतात. त्याच नसल्या तर ही चिन्हे दिसत नाहीत. ताप हीच एकमेव धोक्याची घंटा असते. म्हणून असे उपचार घेणाऱ्या मुलाला १०१ अंश फॅरनहाइट ताप आला, किंवा १००.४ अंशांचा ताप तासभर टिकला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. तेथे तपासणीचा निकाल येण्याआधीच, शक्यतो तासाभरात, प्रतिजैविक सुरू करतात. आपण एरवी घरी तापाची गोळी घेऊन झोपतो. येथे ती चूक जिवावर बेतू शकते.

बिंबाणू फार घटले तर नाकातून, हिरड्यांतून रक्त येते; तेव्हा ते बाहेरून द्यावे लागतात. रक्तपेढीत बिंबाणू सुमारे पाचच दिवस टिकतात, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाहीत. कोणीतरी सतत रक्तदान करत राहावे लागते.

*केस.* डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले जवळजवळ नऊ-दशांश कोणत्याही वेळी वाढत असतात. वाढ म्हणजे मुळाशी पेशींचे विभाजन. ते अडले की केसाचा बुंधा बारीक होऊन तुटतो. पहिल्या औषधानंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात. मूळ मात्र जिवंत राहते. तीव्र उपचाराचा काळ संपला की महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने केस परत येतात, कधी पूर्वीपेक्षा कुरळे!

*तोंड आणि पोट.* आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. ही भर थांबली की तोंडात फोड येतात, जुलाब होतात, गिळताना आग होते. ओकारीचे कारण थोडे वेगळे आहे. काही औषधांमुळे आतड्यातील पेशी सेरोटोनिन नावाचे द्रव्य सोडतात, त्याचा निरोप मज्जातंतूंमार्फत मेंदूतील वांतिकेंद्राला पोहोचतो, आणि शरीर विष बाहेर टाकण्याचा प्रयत्न करते. हा निरोप मध्येच अडवणारे ऑन्डॅन्सेट्रॉन हे औषध १९९१ साली अमेरिकेत वापरात आले. त्याआधीच्या मुलांना ज्या ओकाऱ्या सोसाव्या लागल्या त्यांतल्या बऱ्याचशा आज टळतात.

*फुगलेले गाल.* उपचारात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असते. त्याने लसिकापेशी मरतात, पण भूक अनावर होते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, रक्तातील साखर व रक्तदाब वाढू शकतो आणि स्वभाव चिडका होतो. घरातले गुणी मूल रात्री दोन वाजता भात-वरण मागते आणि मिळाले नाही तर रडून गोंधळ घालते, तेव्हा तो त्याचा हट्ट नसून औषधाचा परिणाम असतो. औषध थांबले की काही आठवड्यांत मूल पूर्ववत होते.

*आपटणारे पाऊल.* हा सदाफुलीच्या औषधाचा प्रताप. मज्जापेशी तर विभागत नाहीत, मग त्यांना इजा का? कारण सूक्ष्मनलिका केवळ विभाजनासाठी नसतात. मज्जापेशीच्या लांब तंतूमध्ये त्या रुळांसारख्या पसरलेल्या असतात आणि पेशीच्या मुख्य भागातून टोकापर्यंत रसद त्यांच्यावरूनच जाते. रूळ उखडले की सर्वांत दूरच्या स्थानकाची आधी उपासमार होते. शरीरातला सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पावलापर्यंत जातो. म्हणून पाऊल उचलता येत नाही, बोटांना मुंग्या येतात. आतड्याच्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन बद्धकोष्ठ होते. हे बहुधा सावकाश, काही महिन्यांत सुधारते.

*इतर.* ॲस्परॅजिनेज हे एंझाइम जिवाणूंपासून मिळवतात. ॲस्परॅजिन हे अमिनो अम्ल निरोगी पेशी स्वतः तयार करू शकतात, ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसे जमत नाही. हे एंझाइम रक्तातील ॲस्परॅजिन नष्ट करून त्यांची उपासमार करते. शत्रू थोडाफार ओळखणारे हे औषध आहे. पण परके प्रथिन असल्यामुळे त्याची ॲलर्जी येऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आणि उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात कोट्यवधी पेशी एकदम मरतात तेव्हा त्यांचा कचरा, म्हणजे यूरिक अम्ल, पोटॅशियम वगैरे, मूत्रपिंडांवर येऊन पडतो. तो वाहून जावा म्हणून शिरेतून भरपूर द्रव आणि ॲलोप्युरिनॉलसारखे औषध देतात.

एकच मात्रा सर्वांना सारखी मानवत नाही, हेही लक्षात घ्या. मर्कॅप्टोप्युरीनचा निचरा करणारी काही एंझाइमे आनुवंशिक फरकामुळे कोणाकोणात दुबळी असतात. त्यांपैकी नुडिक्स-१५ या एंझाइमचा हा संबंध २०१४ साली उजेडात आला; त्याचा दुबळा प्रकार आशियाई लोकांत अधिक आढळतो. अशा मुलाला नेहमीची मात्रा दिली तर पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. शिंपी जसे माप घेऊन कपडा बेततो, तशी मात्रा बेतावी लागते.

उशिरा उगवणारे परिणाम

आतापर्यंतचे बहुतेक परिणाम उपचाराबरोबर येतात आणि त्याच्याबरोबर जातात. पण काही परिणाम पाच, दहा, वीस वर्षांनी दिसतात. याची माहिती उशिरा झाली, आणि त्याचे कारण थोडे चमत्कारिक आहे: पूर्वी ते दिसायला मुले जगतच नसत! मुले बरी होऊन मोठी होऊ लागली तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला.

सर्वांत मोठा धडा किरणोपचाराने दिला. रक्तातून दिलेली बहुतेक औषधे मेंदूभोवतीच्या द्रवात पुरेशी पोहोचत नाहीत, त्यामुळे रोग तेथे दडून बसे. अमेरिकेत मेंफिस येथे १९६२ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र देऊन शिवाय डोक्याला किरणोपचार करण्याची पद्धत बसवली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिने सुमारे निम्मी मुले बरी होऊ लागली. हा रोग कायमचा बरा होऊ शकतो हे जगाला तेव्हा पटले. पण ती मुले मोठी होऊ लागली तशी आढळले की अनेकांची उंची खुंटली, शिकण्याची गती मंदावली, आणि काहींना वर्षांनंतर मेंदूत गाठी झाल्या. तेव्हा डॉक्टरांनी किरणांऐवजी पाठीच्या कण्यातून सुई घालून मेथोट्रेक्सेट थेट त्या द्रवात देण्यावर भर दिला. आज बहुसंख्य मुलांना डोक्याच्या किरणोपचाराची गरज पडत नाही. लोक बरे झाल्यावरही त्यांची विचारपूस चालू ठेवली, म्हणूनच ही चूक कळली आणि सुधारता आली.

औषधांचेही काही उशिराचे परिणाम आहेत.

*हृदय.* डॉनोरुबिसीन व डॉक्सोरुबिसीन ही औषधे मातीतील सूक्ष्मजीवांपासून मिळाली. त्यांचा रंग भडक लाल असतो. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. त्याने घाबरण्याचे कारण नाही, ते रक्त नसून औषधाचा रंग असतो. खरा धोका निराळा आहे. ही औषधे हृदयाच्या स्नायुपेशींना इजा करतात, आणि त्या पेशी जवळजवळ विभागत नसल्याने गेलेली पेशी भरून येत नाही. उरलेल्या पेशींवर ताण पडतो आणि तो कित्येक वर्षांनी जाणवतो. हा परिणाम आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण २५० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा झाली असेल तर धोका जास्त धरतात. म्हणून एकूण मात्रा शक्य तितकी कमी ठेवतात आणि पुढे ठराविक काळाने ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी करतात.

*हाडे.* स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ होऊ शकतात. कधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन तो भाग मरतो. हे लहानांपेक्षा तुमच्या वयाच्या मुलामुलींत अधिक आढळते. अशा मुलाची मांडी किंवा गुडघा सतत दुखत असेल तर "खेळताना लचकले असेल" म्हणून सोडून देऊ नये.

*अभ्यास.* पाठीतून दिलेल्या औषधांमुळे काही मुलांचे लक्ष टिकत नाही, लिहिण्याचा वेग कमी होतो, गणितात अडखळायला होते. बुद्धी शाबूत असते, गती कमी झालेली असते. शिक्षक बंधुभगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. अशा विद्यार्थ्याला पुढच्या बाकावर बसवणे, परीक्षेत थोडा जादा वेळ देणे, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी टिपणे देणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. त्याला आळशी म्हणणे हा अन्याय होईल.

*वाढ, संतती आणि दुसरा कर्करोग.* उपचार चालू असताना उंची हळू वाढते. किरणोपचार नसेल तर बहुतेक मुले नंतर ही कसर भरून काढतात. अगदी लहानपणी उपचार झाले असतील तर दातांची मुळे आखूड राहू शकतात. सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधाची मात्रा फार मोठी असेल तर पुढे संतती होण्यात अडचण येऊ शकते. पण या ल्युकेमियाच्या नेहमीच्या उपचारानंतर बहुतेकांना मुले होतात, आणि त्या मुलांत कर्करोगाचे किंवा व्यंगाचे प्रमाण या उपचारामुळे वाढलेले आढळत नाही. काही औषधे डी.एन.ए.वरच घाव घालत असल्यामुळे क्वचित वर्षांनंतर दुसरा कर्करोग उद्भवतो. धोका लहान आहे, पण शून्य नाही.

मग हिशेब काय?

१९४८ पूर्वी हा रोग झालेले मूल बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावे. आज उत्तम सोयी असलेल्या देशांत सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. एका बाजूला केस, ओकाऱ्या, दुखणारे पाय आणि काहींच्या बाबतीत पुढच्या आयुष्यातले जोखमीचे ओझे. दुसऱ्या बाजूला आयुष्यच. तराजूचे कोणते पारडे जड, हे सांगायला नको. पण म्हणून पहिले पारडे रिकामे आहे असे मानणे हेही खोटे ठरेल.

शास्त्रज्ञ ते पारडे हलके करण्याच्या मागे आहेत. दहा हजार पेशींत रोगाची एक पेशी उरली असली तरी ती आता शोधता येते. त्यामुळे कोणाला सौम्य उपचार पुरेल आणि कोणाला तीव्र हवा हे आधीच ठरवता येते. ब्लिनाटुमोमॅब हे २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध रोगपेशीवरील विशिष्ट खूण ओळखते आणि शरीरातील लढाऊ पेशींची तिच्याशी गाठ घालून देते. तेही निर्दोष नाही. तीच खूण काही निरोगी पेशींवरही असते. पण आंधळ्या माऱ्याकडून नेम धरण्याकडे ही वाटचाल आहे.

बऱ्या झालेल्या मुलांची पुढे वर्षानुवर्षे तपासणी व्हावी म्हणून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र विभाग चालतो. अशा प्रत्येक मुलाजवळ एक कागद कायमचा असावा: कोणती औषधे, एकूण किती मात्रा, कोणत्या साली. वीस वर्षांनी दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या डॉक्टरला त्याचे हृदय तपासायचे की नाही हे त्या कागदावरूनच कळणार आहे. आईवडिलांनी शाळेचा दाखला जपावा तसा तो जपावा.

तुम्ही काय करू शकता?

आता पुन्हा तुमच्या वर्गात येऊ. टोपीवाला मुलगा बाकावर एकटा बसला आहे. त्याच्यापासून तुम्हांला धोका नाही. तुमच्यापासून मात्र त्याला आहे. तुम्हांला सर्दी-खोकला असेल तर त्याच्यापासून दूर बसा आणि का ते त्याला सांगा, नाहीतर तो गैरसमज करून घेईल. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी शिक्षकांमार्फत त्याच्या घरी कळवा. त्याला संरक्षक औषध जितक्या लवकर मिळेल तितके चांगले. हा निरोप पोहोचवणे ही फार मोठी मदत आहे. त्याला उघड्यावरचे, कच्चे पदार्थ देऊ नका. त्याची टोपी ओढू नका. त्याच्या वह्या पुऱ्या करून द्या. आणि अठरा वर्षांचे झालात की रक्तदान करा.

आणखी एक गोष्ट. तो कधी कंटाळून म्हणेल, "मला आता ही औषधे नकोत." तेव्हा त्याला एक लक्ष कोटींचे गणित समजावून सांगा. थोरांनी शंभरदा सांगितलेले जे मनाला पटत नाही, ते बरोबरीच्या मित्राने पाटीवर मांडून दाखवले की पुष्कळदा पटते.

स्वाध्याय

१. एका मुलाच्या रक्तात एका घन मिलिमीटरमागे २,००,००० बिंबाणू आहेत. प्रत्येक बिंबाणू १० दिवस जगतो आणि रक्तात सर्व वयांचे बिंबाणू सारख्या प्रमाणात आहेत असे धरा. अस्थिमज्जेचे काम पूर्ण बंद पडले तर ५ दिवसांनी किती बिंबाणू उरतील? (उत्तर: सुमारे १,००,०००)

२. त्याच ५ दिवसांत तांबड्या पेशी शेकडा किती घटतील? (उत्तर: १२० पैकी ५, म्हणजे सुमारे ४ टक्के.) यावरून रक्तक्षय उशिरा का दिसतो ते स्पष्ट करा.

३. मज्जापेशी आणि हृदयाच्या स्नायुपेशी फारशा विभागत नाहीत. तरीही औषधांनी त्यांना इजा होते. दोघांची कारणे वेगवेगळी सांगा.

४. केस परत येतात, पण हृदयाची हानी भरून येत नाही. असे का?